नसलेल्या पुलाची शेवंतामाय

जगातली गरिबी हटवायची तर सुरुवात शेवंतामायच्या अंगणातून करावी लागे, असा एक काळ होता. तुम्हाला खोटं वाटेल. वाटू द्या. पण त्या अंगणात मी स्वतः अर्ध्या पृथ्वीला जोडे काढून सतरंजीवर बसवलेलं आहे. डेन्मार्क बसला, जपान बसला, केनियाचे दोन साहेब बसले तेव्हा तर त्यांचे पाय शेजारच्या अंगणात गेले. आणि दिल्ली इतक्या वेळा बसली की अंगणातल्या कोंबड्याही दिल्लीवाल्यांना पाहून जागच्या उठेनाशा झाल्या.

गावाचं नाव मी लिहीत नाही. केनवडच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं की टीम येते, हा माझा अनुभव आहे.

मी तेव्हा एका संस्थेत समूह संघटक होतो. पद भारी, काम साधं. बाहेरची टीम आली की तिला वाशीमहून पांढऱ्या गाडीत घालून आणायचं, बायका जमवायच्या, इंग्रजीचं वऱ्हाडी आणि वऱ्हाडीचं इंग्रजी करायचं, आणि सूर्य मावळायच्या आत टीमला पुन्हा हॉटेलात नेऊन सोडायचं. जग जवळ आलं जग जवळ आलं म्हणतात ना, ते कसं येतं ते मी पाहिलंय. काचा वर करून येतं आणि हिवाळ्यात येतं. पावसाळ्यात जग आमच्याकडं कधी येत नसे. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा घोटाळा त्यातच आहे.

शेवंताबाई इंगोले. नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायची. चार ढेकळं शेती, बाकी मजुरी, आणि महिला बचत गटाची अध्यक्ष. उंची दाराच्या कडीएवढी, आवाज मात्र असा की तिनं वस्तीतून हाक मारली तर वाशीमच्या स्टेशनात गाडी थांबावी. सगळा गाव तिला माय म्हणे. सरपंचही माय म्हणे आणि सरपंचाची माय पण माय म्हणे. पाहुणा कुठल्याही देशाचा असो, ती दोन्ही हात जोडून "जय भीम" म्हणायची आणि समोरून "जय भीम" आल्याशिवाय हात खाली घ्यायची नाही. एकदा एक जपानी साहेब इथून शिकून गेला आणि जिल्ह्याच्या मोठ्या मीटिंगमध्ये मंचावर जाऊन सरळ जय भीम म्हणाला. मागच्या रांगेतल्या शिपायांनी त्याला अशी दाद दिली की मीटिंग तिथंच संपवावी लागली.

आता नकाशाचं सांगतो.

गावाचा नकाशा गावकऱ्यांनीच काढायचा, तोही जमिनीवर, रांगोळीनं, ही तेव्हाच्या विकासाची रीत होती. त्यातून गावाला आपले प्रश्न कळतात, असं पुस्तकात लिहिलेलं. गावाला आपले प्रश्न आधीच ठाऊक असतात, हे पुस्तकात नव्हतं. तर हा नकाशा काढण्यात मायचा हात धरणारं त्रिखंडात कोणी नव्हतं. पाहुण्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून पहिला घोट घेईस्तोवर मारुतीचं देऊळ, शाळा, पंचायत, विहिरी, हातपंप आणि घर न् घर अंगणात उतरलेलं असे. कोणाच्या दाराचं तोंड कुठं, ते सुद्धा. एकदा एक घरमालक भांडायला आला, माय, माझं दार पूर्वेला आहे, तू उत्तरेला काढलंस. आम्ही सगळे उठून पाहायला गेलो. दार उत्तरेला होतं. बिचारा वीस वर्षं त्यातून ये-जा करत होता.

पुस्तकाप्रमाणं नकाशे दोन काढायचे असत. एक आजच्या गावाचा, एक उद्याच्या, म्हणजे गावाला पाहिजे तशा गावाचा. पहिल्या तीन-चार टीमला मायनं दोन्ही काढून दिले. मग एके दिवशी ती कंबरेवर हात ठेवून मला म्हणाली, "गजू, दोन-दोन नकाशे कायले पाह्यजेत गा? एकातच दोनी घालू."

"तसं चालत नाही माय. आजचा वेगळा, उद्याचा वेगळा."

"काय फरक पडून राह्यला आपल्या गावात आज अन् उद्यात? सांग."

तेव्हापासून एकच नकाशा झाला. जे आहे ते पांढऱ्या रांगोळीनं, जे पाहिजे ते पिवळ्या. आणि पिवळं काय, तर दरवेळी एकच गोष्ट: गाव आणि वस्ती यांच्यामधल्या नाल्यावर पूल. नाला पावसाळ्यात भरला की वस्ती तुटायची. पोट्टे शाळेपासून, बाया कामापासून, दुखणाईत माणसं दवाखान्यापासून. हिवाळ्यात मात्र नाला कोरडा ठण्ण. पांढरी गाडी त्यातून खडखडत पार होई आणि आत बसलेल्या जगाला कळतही नसे की आपण नाला ओलांडला.

पिवळं म्हणजे पाहिजे, हे टीमला सांगायचं काम माझं होतं. पहिल्या एक-दोन वेळा मी सांगितलंही. पण एका दुपारी ऊन टाळूत शिरलेलं, चहा उकळून उकळून काढा झालेला, आणि एका बाईसाहेबांनी पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय. मी एवढंच म्हणालो, "ब्रिज." बाईसाहेबांनी छान म्हणून फोटो घेतला. तो फोटो विमानात बसून गेला.

या सगळ्या पाहुण्यांना मायचा एक प्रश्न ठरलेला असे. "तुमच्याकडं पाऊस कसा हाय?" पाहुण्यांना वाटे, काय हे अगत्य. अगत्य कुठलं. घरात सोयाबीनची पोती असायची आणि बाजार समितीतला अडत्या दरवर्षी सांगायचा, ब्राझीलात लय पिकलं म्हणून भाव पडला. इतकी वर्षं ज्यानं आपला भाव पाडला तो ब्राझील एकदा डोळ्यांनी पाहावा, ही मायची फार दिवसांची इच्छा होती.

आणि एका जानेवारीत खरोखरच ब्राझील आला. पाउलो नावाचा, कुरळ्या केसांचा, हसरा पोरगेलासा साहेब. देशाचं नाव ऐकल्याबरोबर मायनं हातातला चहा खाली ठेवला.

"सोयाबीनवाला ना थो देस? इचार त्याले, यंदा किती पिकून राह्यलं."

पाउलो शहरातला. त्यानं सोयाबीन फक्त बाटलीत, तेलाच्या रूपात पाहिलेलं. पण माय काही सोडायला तयार नाही. शेवटी त्याला आठवलं की त्याचा एक मामा शेती करतो. त्यानं मोबाइलवर मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं पहाट होती. मामानं दार उघडलं आणि फोन वावराकडं वळवला.

अंगणातल्या सगळ्या बाया त्या एवढ्याशा काचेवर वाकल्या. हिरवं. नुसतं हिरवं. मामानं फोन डावीकडं नेला, हिरवं. उजवीकडं नेला, हिरवं. मामा थकला, वावर थकेना.

"बांध कुठी हाय याचा?" माय म्हणाली.

मी विचारलं. मामाला बांध म्हणजे काय तेच कळेना. मी तीनदा समजावून सांगितलं, की जिथं आपलं वावर संपतं आणि भावाचं सुरू होतं, ज्यावरून डोकी फुटतात, ते. मामा म्हणाला, असं आमच्याकडं काही नाही. भांडायला बांध नाही, हे ऐकून दोघीतिघींना तर मामाची दया आली.

माय फोनच्या अगदी जवळ गेली. "मामा," ती म्हणाली, "जरा कमी पिकवत जा. आमीबी हावो ना दुनियेत."

हे मी शब्दाला शब्द इंग्रजी केलं, पाउलोनं त्याचं त्यांच्या भाषेत केलं. मामा खळखळून हसला आणि त्यानं एक शेंग तोडून कॅमेऱ्यापुढं धरली. मायनं घरातून मूठभर सोयाबीन आणून त्याच्यापुढं धरलं. दोघं एकमेकांचा माल निरखत राहिले, सोयरिकीला आल्यासारखे. ते जागतिकीकरण का काय म्हणतात, त्यावर मी वाशीमच्या हॉलमध्ये कितीतरी भाषणं ऐकलीत. त्यातलं एकही मला त्या मूठभर दाण्यांएवढं समजलेलं नाही.

गाडी धुरळा उडवत गेल्याबरोबर मायनं बायांना सांगून टाकलं, "ठेवू नका बायाहो, विकून मोकळ्या व्हा. मामाच्या वावराले शेवट नाही." बायांनी विकलं. पंधरा दिवसांत भाव घसरला. त्यानंतर बाजार समितीतले व्यापारी मला बाजूला घेऊन हळूच विचारायला लागले, "यंदा कोण्या देशाची टीम आली गा?"

इतकी गमतीची बाई, पण पुलाचं नाव निघालं की तिचा आवाज बसायचा. त्याचं कारण तिनं कोणाही पाहुण्याला सांगितलं नव्हतं. तिचे मालक नामदेव. एका भादव्यात त्यांना वावरात साप चावला. बाजेवर घालून चौघांनी नाल्यापर्यंत आणलं. नाला दोन्ही थड्या भरून. पाणी आत्ता उतरेल, मग उतरेल, म्हणून सगळे काठावर बसले. पलीकडं ॲम्ब्युलन्स येऊन उभी होती, तिचा दिवा दिसत होता. पाणी संध्याकाळी उतरलं. नामदेवबुवा दुपारीच गेले.

मी एकदा म्हणालो होतो, माय, हे पाहुण्यांना सांगू का, पुलाला जोर येईल. ती म्हणाली, "नको. थे माहं हाय. त्यायले पूल दाखव." नंतरच्या प्रत्येक नकाशात पूल मात्र रुंद होत गेला.

मालकांना जाऊन वर्ष झाल्यावर तिनं पुलासाठी अर्ज लिहवून घेतला आणि आम्ही दोघं वाशीमला एका ऑफिसात गेलो. बाबूनं अर्ज वाचला, कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि अर्ज परत सरकवला.

"तुमच्या गावात पूल आहे."

"कुठी?" माय म्हणाली.

"नाल्यावर. अहवालात आहे, नकाशात आहे, फोटोसकट." त्यानं पडदा आमच्याकडं वळवला.

माय वाकून पाहायला लागली. तिचंच अंगण होतं. कोपऱ्यात तिचीच कोंबडी. कुठल्यातरी हुशार माणसानं त्या रांगोळीचा कॉम्प्युटरवर सुरेख नकाशा केला होता आणि खाली लिहिलं होतं, पूल: आहे. मालक गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यातला अहवाल. आणि त्याखाली सही, ती या गजाननरावांची.

"हे तं माही रांगोळी होय," ती म्हणाली.

"मग तुम्हीच दिलंय की लिहून. एका नाल्यावर दोन पूल कसे मंजूर करायचे?"

बाहेर येऊन मी तिला पिवळ्या पट्ट्याचं सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता ही मला बसस्टँडवर सगळ्यांदेखत बदडणार. तिनं फक्त पदर खोचला. "चूक दोघाइची हाय. मी दोन नकाशे काढाले आळस केला, तू बोलाले. चाल."

पुढं तर बहारच झाली. निवडणूक लागली आणि आमच्या भागातल्या एका भाऊंच्या हाती तो अहवाल पडला. आठ दिवसांत गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. वचनपूर्ती. नाल्यावरील पुलाचे स्वप्न साकार. भाऊ मध्ये, हात जोडलेले, पाठीमागं एक झुलता पूल, ज्याच्याखाली समुद्र होता आणि समुद्रात जहाज. आमच्या नाल्यात बेडूक उताणा पडला तर पाठ भिजत नाही, असे आठ महिने असतात. भाऊ निवडून आले. माय त्या फ्लेक्सपुढं उभी राहून बराच वेळ पाहत होती. "पूल नाही तं नाही," ती म्हणाली, "जहाज तरी धाडा म्हणावं."

आणि मग जगानं एक चूक केली. जग पावसाळ्यात आलं.

झालं असं की गावानं स्वतः मागितलेलं काम पूर्ण झाल्याचं उत्तम उदाहरण म्हणून आमचा पूल वरपर्यंत गाजला होता आणि तो पाहायला मार्ता नावाच्या मॅडम येणार होत्या. त्यांना सवड ऑगस्टातच होती. प्रोजेक्टच्या साहेबांना तीन रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी त्यांना तोड सापडली. शिरपूरच्या रस्त्यावर एक चांगला पूल होता, दुसऱ्याच कामातला. मॅडमला तिथं न्यायचं, आणि पुलावर मायला उभं करायचं.

माय सकाळीच गुडघाभर पाण्यातून अलीकडं आली होती. साहेब गाडीत तिला म्हणाले, "मावशी, आज दोन तास हा पूल तुमचा. चार शब्द चांगले बोला. तुमचा खरा पूल मी मनावर घेतो." मी तिच्याकडं पाहिलं, तर ती काचेतून बाहेर पाऊस पाहत होती.

मार्ता मॅडम उंच, पिकल्या केसांच्या, चिखलाचे बूट घालून आलेल्या. पुलावर उभं राहून त्यांनी विचारलं, या पुलानं तुमच्या जगण्यात काय बदललं.

माय म्हणाली, "पूल चांगला हाय. आता घरी चला. सुनेनं चहा ठेवला."

साहेब मध्ये पडले. पाऊस आहे, वेळ नाही, रस्ता खराब आहे. पण वऱ्हाडात घरचा चहा नाकारणं म्हणजे घर नाकारणं, हे मॅडमना प्रशिक्षणात पक्कं शिकवलेलं होतं. ते प्रशिक्षण मीच दिलं होतं. मॅडम गाडीत जाऊन बसल्या सुद्धा.

चार गाड्या गावात शिरल्या आणि नाल्याशी येऊन थांबल्या. पुढं रस्ता नव्हताच. तांबडं पाणी फेस घेऊन धावत होतं. पलीकडच्या थडीवर मायची सून कविता छत्री धरून उभी, एका हातात किटली, आणि तिच्या मागं अख्खी वस्ती.

मॅडमनी पाण्याकडं पाहिलं, किटलीकडं पाहिलं. पूल कुठं आहे, त्यांनी विचारलं.

साहेब खरे हुशार. एक क्षण गेला नसेल. इंग्रजीत म्हणाले, वाहून गेला, मागच्याच आठवड्यात, फार वाईट झालं. आणि लगेच मायच्या कानाशी, "मावशी, हो म्हणा. पूरहानीत बसवतो. वाहून गेलेला पूल लगेच मंजूर होतो. होळीच्या आत नवा उभा करतो, शब्द देतो."

खोटं सांगत नाही, मला त्यांचं पटलं. कारण ते खरंच तसं होतं. नसलेला पूल बांधायला जन्म जातो आणि वाहून गेलेला सहा महिन्यांत होतो. मायनं मान हलवायची खोटी. मी तिच्या जागी असतो तर दोनदा हलवली असती. मॅडम माझ्याकडं वळल्या, यांनाच विचारा.

"माय, मॅडम विचारतात, पूल वाहून गेला का?"

मायनं डोक्यावरचा पदर ठीक केला. "गजू, नीट सांगजो. या खेपी एक शब्दबी खाली सांडू नको." मग ती मॅडमकडं पाहून बोलायला लागली, त्यांना मराठी येत असल्यासारखी. "वाहून गेला म्हणलं, तं पूल होता असं होते बाई. पूल होता, तं माहा नामदेव त्या थडीवर दिवसभर कायले पडून राह्यला? त्याले पुलावरून जाता येत नव्हतं? का मलेच त्याले न्यावं वाटत नव्हतं? तुमच्या कागदात पूल हाय अन् माहा माणूस मेला, हे दोनी खरं कसं होईन? नकाशात पूल मी काढला. चूक माही. पण पूल नव्हता. कधीच नव्हता. असं लिहा."

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, हातचा पूल घालवता तुम्ही."

"जाऊ द्या," माय म्हणाली.

मी सगळं सांगितलं. नामदेवबुवांचं सांगितलं, ॲम्ब्युलन्सच्या दिव्याचं सांगितलं. आणि मायनं न सांगितलेलं एक वाक्य माझ्या पदरचं घातलं, की पिवळं म्हणजे पाहिजे, आणि ते मी सांगितलं नव्हतं. माझ्या नोकरीतलं ते एकमेव पूर्ण भाषांतर. मॅडमनी वही उघडली आणि पावसात उभं राहून लिहीत राहिल्या. शाई पसरत होती, त्या लिहीत होत्या. पलीकडं कविताच्या हातातला चहा गार होऊन गेला.

मॅडमनी जे लिहिलं ते पोचलं, पण सरकारी कागदातून पूल पाडणं हे बांधण्याहून अवघड निघालं. वरून विचारणा झाली की पूल नसल्याचा दाखला द्या. असा दाखला आजवर कोणी कोणाला दिलेला नव्हता, त्याचा नमुनाही नव्हता. शेवटी ग्रामसभेनं ठराव घ्यायचा ठरलं. आमच्या गावात पूल नाही, एवढाच ठराव. सूचक शेवंताबाई इंगोले. त्या सभेला भाऊही आले होते, आता आले म्हणजे अडकले. सगळ्या गावाचे हात वर गेले आणि सगळा गाव भाऊंच्या हाताकडं पाहायला लागला.

"उचला भाऊ," माय म्हणाली, "पूल दिसत अशीन तं नका उचलू."

भाऊंनी हात उचलला. ठराव एकमतानं झाला. फ्लेक्स रातोरात उतरला, आणि जहाजाचा भाग कोणाच्यातरी गोठ्यावर छपराला गेला.

तरी पूल व्हायला आणखी दोन पावसाळे गेले. तोवर माझा प्रोजेक्ट संपला, संस्था दुसऱ्या राज्यात गेली, जगाला गरिबीपेक्षा दुसरं काहीतरी महत्त्वाचं आठवलं. मी आता रिसोडला सोलर पंप विकतो.

गेल्या श्रावणात त्या बाजूला गेलो होतो म्हणून मायकडं डोकावलो. पूल झाला होता. फार देखणा नाही, साधे कठडे, स्लॅबवर गुरांचं शेण. खालून नाला दोन्ही थड्या भरून धावत होता, त्याच रंगाचा. माय ओट्यावर बसली होती. थकली होती, आवाज मात्र शाबूत. माझ्या पंपांची चौकशी करता करता तिनं मला दोन-तीन शिव्याही घालून घेतल्या.

तेवढ्यात वस्तीत गडबड उडाली. शेजारच्या घरच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. कोणीतरी ऑटो आणला, दोघींनी तिला धरून बसवलं, एक बाई पिशवी घेऊन मागून पळाली. ऑटो धडधडत आमच्यासमोरून गेला. वळणावर तो दिसेनासा झाला, मग पुलावर चढल्यावर त्याचा आवाज बदलला, आणि मग पाण्याच्या आवाजात मिसळून गेला.

"गजू, पलीकडं लागला का?"

"लागला माय. आता तर शाळेपाशी असेल."

"येवढ्यात?"

"मग. त्याला काय लागतं?"

दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माय नाल्याकडं पाहत राहिली.

"येवढंसंच अंतर होतं गा," ती म्हणाली.